मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे का? निदानापर्यंतची वाट, पायरीपायरीने

माझा मुलगा दहा महिन्यांचा होता. रविवारी सकाळी सासूबाईंच्या मांडीवर बसून त्याने त्यांच्या ताटातल्या ऑम्लेटचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. आम्ही सगळे हसलो. थोड्या वेळाने हनुवटीवर लाल चट्टे आले. ते मानेवरून पोटावर उतरले. मध्ये फिकट, कडेने लाल, डास चावल्यावर येतात तशा गांधी. डावा डोळा सुजून अर्धा मिटला. "अंडं उष्ण पडलं गं," असं म्हणत सासूबाई आमसूल भिजत घालायला उठल्या. त्याला एक मोठी उलटी झाली आणि तासाभरात सगळं ओसरलं. आम्ही दवाखान्यात गेलो ते दुसऱ्या दिवशी.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "खाल्ल्यापासून किती मिनिटांनी सुरू झालं, ताई?" मला सांगता येईना. मी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं.

त्याला आता सहा वर्षं झाली. मध्यंतरी ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बऱ्याच आईबाबांना मी हे सगळं फोनवर सांगत आले, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही. चाचणी आणि औषध तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्याकडे जाताना काय घेऊन जायचं आणि ते जे करतात त्याचा अर्थ काय, हे आधी माहीत असलं तर चुकीच्या वाटेने जाणं टळतं. आमची पाच महिने चुकली होती, ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी: थांबायचं नाही अशी वेळ ओळखा

अंगावर गांधी आहेत आणि त्याबरोबर श्वासाला घरघर, सारखा खोकला, आवाज बसणं किंवा घोगरा होणं, जीभ सुजणं, परत परत उलट्या, किंवा मूल एकदम पांढरंफटक आणि मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर ती ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची प्रतिक्रिया, असू शकते. त्वचेसोबत शरीराची दुसरी एखादी यंत्रणा बिघडली, हे त्यातलं मुख्य चिन्ह. कधी कधी त्वचेवर काहीच दिसत नाही आणि थेट श्वास अडकतो. आमच्या मुलाला गांधींसोबत मोठी उलटी झाली होती. त्याला त्याच क्षणी दवाखान्यात न्यायला हवं होतं, हे मला आज कळतं.

यावर पहिलं औषध एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीचं गोड सिरप खाज कमी करतं, पण बसणारा श्वास उघडत नाही आणि पडणारा रक्तदाब सावरत नाही. आमसुलाचा कोळ खाजऱ्या कातडीला थंड वाटतो, त्याला माझी हरकत नाही. तो करण्यात जी मिनिटं जातात, त्यांना आहे. मुलाला आडवं झोपवा, पाय थोडे उंच करा. श्वास लागत असेल तर बसतं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. उभं करून चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी काही तास तिथंच देखरेखीखाली राहू द्या, कारण लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

पहिली पायरी: त्या दिवसाची हकिकत कागदावर उतरवा

रक्ताच्या रिपोर्टापेक्षा या कागदाला जास्त वजन असतं. ॲलर्जीतज्ज्ञ अर्धा निर्णय हकिकतीवरच घेतात, आणि पुढची चाचणी हवी की नको हेही त्यावरच ठरतं. दोन दिवसांनी आठवण पुसट होते, घरातल्या प्रत्येकाची वेगळी होते. म्हणून त्याच दिवशी लिहा.

किती वाजता खाल्लं आणि पहिलं लक्षण किती वाजता दिसलं, हे आधी. नेहमीची अंड्याची ॲलर्जी आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते. ती काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. सकाळी अंडं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुरळ आलं, तर अंड्यावर संशय घेण्याआधी दुसरं कारण शोधायला हवं.

मग, अंडं कसं शिजवलं होतं? हा प्रश्न बहुतेकांना किरकोळ वाटतो, पण निदानात त्याचं मोल फार आहे. ॲलर्जी करणारी मुख्य प्रथिनं पांढऱ्या भागात असतात. ओव्हाल्ब्युमिन सगळ्यात जास्त प्रमाणात असतं, पण उष्णतेने ते बरंचसं मोडतं. ओव्होम्युकॉइड प्रमाणाने कमी, पण चिवट. उकळलं तरी टिकून राहतं. म्हणून कुणाला हाफ फ्रायने त्रास होतो आणि केकने होत नाही, तर कुणाला केकचा घासही चालत नाही. बुर्जी, उकडलेलं, ऑम्लेट, मेयोनीज, मावा केक, जे असेल ते नावानिशी लिहा. किती खाल्लं तेही लिहा: चमचाभर, पेराएवढा तुकडा, की अख्खं अंडं.

लक्षणं कोणत्या क्रमाने आली, किती वेळ टिकली, कोणतं औषध दिलं. ताटात अजून काय होतं. मूल त्या दिवशी तापाने फणफणलं होतं का. आणि आधी कधी अंडं खाल्लं होतं का, त्यानंतर पुन्हा खाल्लं का. त्या प्रसंगानंतर मुलाने भरपूर ऑम्लेट खाऊन काहीच झालं नसेल, तर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

फोनवर फोटो काढा. गांधी तासाभरात मावळतात आणि डॉक्टरांसमोर मूल अगदी टवटवीत बसलेलं असतं.

शाकाहारी घरांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे अनेक मुलांच्या पोटात पहिलं अंडं घरात नाही, शेजारच्या वाढदिवसाच्या केकमधून जातं. तेव्हा "आम्ही अंडं खातच नाही" म्हणून विषय बंद करू नका. त्या दिवशी बाहेर काय खाल्लं ते आठवा. आणि यजमानांना विचारायचा संकोच करू नका.

दुसरी पायरी: ही अंड्याचीच ॲलर्जी आहे का?

मराठीत आपण "पित्त उठलं" म्हणतो आणि त्यात सगळंच घालतो. लहान मुलांच्या अंगावर गांधी उठण्याचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे विषाणूचा संसर्ग, साधी सर्दी किंवा ताप. अशा गांधी जातात, पुन्हा येतात, दिवसेंदिवस चालू राहतात. अन्नाच्या ॲलर्जीच्या गांधी साधारणपणे काही तासांत, एका दिवसाच्या आत जातात आणि पुन्हा ते अन्न खाल्ल्याशिवाय येत नाहीत. टोमॅटो किंवा लिंबू लागून फक्त तोंडाभोवती लाली येते, तीही वेगळी.

एक प्रकार मात्र घड्याळाला चकवतो. अंडं खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळाला उलट्यांवर उलट्या होतात, ते पांढरं पडतं, लुळं पडतं, पण अंगावर एकही गांध नसते. याला डॉक्टर थोडक्यात एफपाइज म्हणतात. यात आयजीईचा हात नसतो, म्हणून त्वचेची आणि रक्ताची चाचणी सहसा निगेटिव्ह येते. निदान हकिकतीवरच होतं. हे "फूड पॉयझनिंग" म्हणून सोडून दिलं जातं आणि पुढच्या वेळी बाळ पुन्हा सलाइनवर जातं. दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा अंडं होतं, तर डॉक्टरांना हा शब्द मुद्दाम विचारा.

एक्झिमा असलेल्या बाळांबाबत वेगळी काळजी लागते. कोरडी, खाजरी, सतत फुटणारी त्वचा असलेल्या बाळांना अंड्याच्या ॲलर्जीचा धोका खरोखरच जास्त असतो. पण त्वचा वाईट आहे एवढ्यावरून अंडं, दूध, गहू सगळं बंद करणं घातक ठरू शकतं. एक्झिमाच्या मुलाचं एखादं अन्न बरेच महिने बंद ठेवून अचानक सुरू केलं, तर पूर्वी न आलेली जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. आधी त्वचेचा नीट इलाज. अंडं बंद करून पाहायचं असेल तर ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, दोन ते चार आठवडे, आणि पुन्हा कसं सुरू करायचं हे आधीच ठरवून. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईनेही आपण होऊन अंडं सोडू नये.

तिसरी पायरी: तपासणीपर्यंत

खात्रीशीर त्रास झाला असेल तर डॉक्टरांना भेटेपर्यंत अंडं पूर्ण थांबवा. "थोडंसं चाटवून बघू" असं घरात कुणीही करायचं नाही, आजोबांनीसुद्धा. गावठी अंडं चालेल असं सांगणारे भेटतील. गावठी असो की पोल्ट्रीचं, कोंबडीच्या अंड्यातली प्रथिनं तीच. बदक आणि लाव्ह्याच्या अंड्यांतली प्रथिनंही इतकी सारखी असतात की तीही टाळावीत. नुसतं पिवळं द्यायचं म्हटलं तर स्वयंपाकघरात पांढऱ्याचा अंश राहतोच. चिकन मात्र बहुतेक अशा मुलांना चालतं. बाकीचं जे अन्न मूल आनंदाने पचवतंय, त्यातलं काहीही थांबवू नका.

चौथी पायरी: चाचण्या

त्वचेची प्रिक टेस्ट नाव ऐकून भीती वाटते, प्रत्यक्षात तितकं काही नसतं. मुलगा माझ्या मांडीवर होता. नर्सताईंनी त्याच्या हातावर पेनाने रेघा मारल्या, प्रत्येक रेघेशी एक थेंब ठेवला आणि बारीक टोकाने त्या थेंबातून त्वचेला नुसतं टोचलं. रक्त आलं नाही. एक थेंब हिस्टॅमिनचा, त्याने फुगवटा यायलाच हवा. एक मिठाच्या पाण्याचा, त्याने यायला नको. उरलेला अंड्याच्या पांढऱ्याचा. पंधरा मिनिटं थांबायचं आणि फुगवटा पट्टीने मोजायचा. ती पंधरा मिनिटं त्याला खाजवू न देणं एवढंच कठीण गेलं. मिठाच्या पाण्याच्या फुगवट्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठा फुगवटा आला तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात.

या चाचणीआधी ॲलर्जीची, सर्दीची सिरपं साधारण पाच ते सात दिवस बंद ठेवावी लागतात, नाहीतर फुगवटा दबतो. नेमके दिवस डॉक्टरांकडून विचारून घ्या. कफ सिरपमध्येही असं औषध लपलेलं असतं, म्हणून घरातल्या सगळ्या बाटल्यांचे फोटो दाखवा.

रक्तातल्या आयजीईच्या चाचणीला औषध थांबवावं लागत नाही. अंगभर एक्झिमा असलेल्या मुलांना ती सोयीची. गरज वाटली तर डॉक्टर ओव्होम्युकॉइडविरुद्धचं आयजीई वेगळं मोजायला सांगतात. ते जास्त असेल तर भाजलेल्या अंड्यानेही त्रास होण्याची शक्यता वाढते.

अन्नाविरुद्धचं आयजीजी (आयजीई नव्हे, प्रतिपिंडांचा हा दुसरा प्रकार) मोजणारी महागडी पॅकेजं विकली जातात. त्यांवर पैसे घालवू नका. आयजीजी हे ते अन्न आपण खातो याची खूण आहे, ॲलर्जीची नव्हे. केसांच्या तपासणीवरून ॲलर्जी सांगणाऱ्यांकडेही जाऊ नका.

पाचवी पायरी: रिपोर्ट वाचताना

इथे आमचे पाच महिने गेले. पहिल्या भेटीनंतर घाई करून आम्ही एका खाजगी लॅबमध्ये परस्पर मोठं पॅनेल, म्हणजे एकदम बऱ्याच पदार्थांची ॲलर्जीची चाचणी, करून घेतलं. कागदावर अकरा पदार्थांसमोर "पॉझिटिव्ह" छापून आलं: अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, डाळी, आणखी बरंच. हे सगळं तो आधी मजेत खात होता. तरीही मी घाबरून सगळं बंद केलं. भात आणि सफरचंदावर ते बाळ राहिलं, वजनाचा काटा हलेना. शेवटी ॲलर्जीतज्ज्ञांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "यातलं काय खाऊन त्याला त्रास झाला?" फक्त अंड्याने. त्याच आठवड्यात बाकीचं सगळं परत सुरू झालं.

पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या अन्नाची ओळख ठेवली आहे, एवढंच. ते खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. बेंगळुरू आणि म्हैसूर भागातल्या प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. लक्षणांशी जुळणारी संभाव्य ॲलर्जी होती १.२ टक्के लोकांना. कुठलाही त्रास नसताना केलेलं पॅनेल कशाला घातक, ते या दोन आकड्यांच्या अंतरात आहे.

उलट, निगेटिव्ह चाचणीवर बराच भरवसा ठेवता येतो. चाचणी निगेटिव्ह आणि हकिकतही संशयास्पद नसेल, तर आयजीईची ॲलर्जी बहुधा नाही.

आकडा जितका मोठा तितकी खऱ्या ॲलर्जीची शक्यता जास्त. परदेशी रुग्णालयांतल्या अभ्यासांतून दोन वर्षांवरच्या मुलांसाठी अंड्याच्या आयजीईचा ७ किलोयुनिट प्रति लिटर आणि त्याहून लहान बाळांसाठी २, असे आकडे पुढे आले; त्यावर गेल्यास ॲलर्जी जवळपास नक्की धरतात. पण आकड्यावरून प्रतिक्रिया किती जोराची येईल हे कळत नाही. लहान आकड्याच्या मुलालाही ॲनाफायलॅक्सिस होऊ शकते.

सहावी पायरी: फूड चॅलेंज

हकिकत आणि चाचणी जुळली तर निदान झालं, पुढे जायची गरज नाही. दोन्हींत ओढाताण असेल, किंवा काही वर्षांनी ॲलर्जी गेली का हे पाहायचं असेल, तर रुग्णालयात डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर मुलाला अंडं खाऊ घालून पाहतात. निदानाची सगळ्यात खात्रीची पद्धत हीच. हे घरी कधीही करायचं नाही.

त्या दिवशी मूल ठणठणीत हवं. ताप, दमा किंवा खोकला असेल तर तारीख पुढे ढकला. ॲलर्जीची औषधं आधीच थांबवलेली असतात. नाश्ता हलका द्या. अर्धा दिवस, कधी जास्त, तिथेच जातो, म्हणून आवडतं पुस्तक, गाडी, जुने कपडे सोबत घ्या. अंडं कुठल्या रूपात आणायचं ते आधी विचारून घ्या. ज्या रुग्णालयात ॲड्रेनलिन, ऑक्सिजन आणि मुलांवर उपचार करणारे हात तयार आहेत, तिथेच करा. हे विचारण्यात काही गैर नाही.

आमचं पहिलं चॅलेंज तो अडीच वर्षांचा असताना झालं, भाजलेल्या अंड्याचं. १८० अंश सेल्सियसला अर्धा तास भाजलेला, मैद्याचा साधा केक मी डब्यातून नेला होता. गव्हाच्या पिठात मिसळून असं भाजलेलं अंडं, अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना, परदेशातल्या अभ्यासांत सुमारे सत्तर टक्क्यांना, चालतं. पहिला घास वाटाण्याएवढा. मग वीस मिनिटं थांबून थोडा मोठा, मग आणखी मोठा. दर वेळी ताई त्याचा शर्ट वर करून पोट-पाठ बघत, श्वास ऐकत आणि कागदावर वेळ लिहीत. मीही लिहीत होते, या वेळी घड्याळ माझ्या हातात होतं. तिसऱ्या घासानंतर त्याने गाल खाजवला आणि माझ्या पोटात गोळा आला. ताईंनी वाकून पाहिलं, गालाला केकचा चुरा चिकटला होता. शेवटच्या घासानंतर दोन तास बसवून ठेवलं आणि घरी सोडलं.

चॅलेंजमध्ये त्रास झालाच तर तिथे लगेच उपचार होतात आणि उत्तर पक्कं मिळतं. पास झालं तर तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवायचा. ते विसरू नका. पास झाल्यावर भीतीपोटी पुन्हा महिनोन् महिने बंद ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

निदान झाल्यावर लगेच करायच्या गोष्टी

डॉक्टरांकडून लेखी योजना घ्या: कोणती लक्षणं दिसली की काय करायचं. ॲड्रेनलिनची ऑटोइंजेक्टर पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून बरेच डॉक्टर ॲम्प्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज जवळ ठेवायला शिकवतात. मात्रा वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला, १ मिलीत १ मिलिग्रॅम ताकदीच्या ॲम्प्यूलमधलं ०.१ मिली. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून मिलीत लिहून घ्या, त्यांच्यासमोर रिकाम्या सिरिंजने सराव करा, आणि वजन वाढलं की आकडा पुन्हा विचारा. ॲम्प्यूल उन्हात, गाडीच्या कप्प्यात ठेवू नका.

पाकिटावरच्या खुणा आपल्याकडे फार कामाच्या आहेत. भारतात अंडं असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो, म्हणून हिरवी शाकाहारी खूण असेल तर घटकांत अंडं नाही. अंडं असल्यास ॲलर्जीच्या सूचनेतही ते लिहावं लागतं. पण त्याच यंत्रावर अंड्याची बिस्किटं होत असतील तर अंश येऊ शकतो, त्यासाठी बारीक अक्षरं वाचा. सुट्या मालावर खूण नसते. बेकरीतला "एगलेस" केकसुद्धा कुठल्या ट्रेमध्ये, कुठल्या सुरीने कापला ते विचारा. पावाला चकाकी यावी म्हणून कधी वरून अंडं लावलेलं असतं. कटलेटचं आवरण, इराण्याचा मावा केक, गोव्याला गेलात तर बेबिंका, या सगळ्यांत अंडं असतं. आणि केसांना अंडं लावायची सवय असेल तर मूल मोठं होईपर्यंत ती सोडा.

अंगणवाडी आणि शाळेत लेखी कळवा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत मुलांना अंडी मिळतात, न खाणाऱ्यांना केळी. तुमच्या मुलाला केळंच द्यायचं, हे सेविकाताईंना कारणासकट सांगा.

काही लसी अंड्यात किंवा कोंबडीच्या पेशींवर तयार होतात, म्हणून लसीवरून घरोघरी वाद होतो. गोवर-रुबेलाची लस अंड्याच्या ॲलर्जीमुळे कधीही चुकवू नका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एमआर लसीतले दोन्ही विषाणू तर मानवी पेशींवर वाढवलेले असतात. गालगुंडाचा समावेश असलेली एमएमआरही या मुलांना देता येते, फ्लूचीही. कुत्रा चावला तर रेबीजची लस कुठल्याही कारणाने थांबवायची नाही. अपवाद पीतज्वराच्या लसीचा: आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जायचं असेल तर ती घेण्याआधी ॲलर्जीतज्ज्ञांना भेटा.

पाठच्या भावंडाचं अंडं भीतीने लांबवू नका. जपानमध्ये एक्झिमा असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची थोडी पूड रोज दिली, तेव्हा वर्षाच्या वयात त्यांच्यातल्या ८ टक्क्यांना अंड्याची ॲलर्जी होती; ज्यांना दिली नाही त्यांच्यात ३८ टक्क्यांना. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या बाळांच्या एक्झिमावर आधी नीट उपचार केले होते, हेही लक्षात ठेवा. म्हणून एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पण विचारायला सहा महिन्यांच्या आतच जा.

आणि दरवर्षी एकदा फेरतपासणी. निम्म्याच्या आसपास मुलांची अंड्याची ॲलर्जी शाळेत जायच्या वयापर्यंत जाते, उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांची पुढे. आमच्या मुलाचं उकडलेल्या अंड्याचं चॅलेंज पाचव्या वर्षी झालं, चार तास लागले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्या डब्यात अर्धं उकडलेलं अंडं असतं. उरलेलं अर्धं त्याची बहीण खाते, तिला ते साडेसहा महिन्यांची असल्यापासून सुरू केलं आहे.